कोरड्या ऋतूतले पाणी

आपल्याकडे श्रावणाच्या सरी कोसळत असतात, ताडोबाच्या गाभा क्षेत्राची प्रवेशद्वारे पावसाळ्यापुरती बंद झालेली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत जंगल पाहण्याचा हंगाम भरात आलेला असतो. नामिबिया आणि बोत्स्वाना या देशांत मे ते सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतच नाही म्हटले तरी चालेल. गवत वाळून आडवे होते, मोपानीच्या झाडांची पाने गळू लागतात, पावसाळ्यात भरलेली डबकी एकामागून एक आटतात आणि जे थोडे पाणी उरते त्याच्याभोवती सगळे प्राणी गोळा होतात. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत या महिन्यांना ‘सर्वोत्तम काळ’ म्हणतात आणि पाहणाऱ्याच्या बाजूने ते अगदी खरे आहे. ज्यांना पाहायचे त्यांच्यासाठी मात्र हे वर्षातले सर्वांत कठीण महिने असतात. त्यांची तहान हीच आपली सोय असते. ऑगस्टमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणी नामिबियातून बोत्स्वानात गाडीने गेलो, तेव्हा हा विचार पहिल्याच पाणवठ्यावर मनात आला आणि नंतर सगळी वाटभर सोबत राहिला.

विंडहूकहून उत्तरेला दिवसभराच्या अंतरावर एतोशा राष्ट्रीय उद्यान आहे. 22,000 चौरस किलोमीटरांहून मोठ्या या उद्यानाच्या मधोमध एका प्राचीन सरोवराचा कोरडा तळ पसरलेला आहे. सुमारे 130 किलोमीटर लांब आणि रुंद असेल तिथे 50 किलोमीटर. त्यावर झाड नाही, झुडूप नाही, फक्त पांढरट, खारवट, भेगाळलेली माती. चांगला पाऊस झाला तर अंगोलाच्या बाजूने येणाऱ्या ओढ्यांचे पाणी त्यात पसरते आणि रोहित पक्षी येतात. एरवी क्षितिजावर मृगजळ दिसते तेवढेच. या तळाच्या दक्षिणेच्या कडेने झरे आणि पाणवठे आहेत आणि उद्यानातले रस्ते एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जातात. गाडी स्वतः चालवण्याची मुभा असते, सूर्योदयाला दरवाजे उघडतात, सूर्यास्ताला बंद होतात, ठरलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचे नाही. त्यामुळे वाघाच्या मागावर एकापाठोपाठ धावणाऱ्या जिप्सींची सवय असलेल्या आपल्या माणसाला इथे एक वेगळीच शिस्त शिकावी लागते. पाणवठ्यापाशी गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचे आणि बसून राहायचे. आपण कुणाला शोधत फिरायचे नसते. येणारे येतात, कारण त्यांना यावेच लागते.

असे बसून राहिले की पाणवठ्याचा क्रम ध्यानात येऊ लागतो. सकाळी उन्हे तापू लागली की स्प्रिंगबॉक हरणांचे कळप येतात, त्यांच्यामागे झेब्रे. झेब्रे एकदम पाण्यात शिरत नाहीत. रांगेत थबकतात, एखादी अनुभवी मादी पुढे होते, थांबते, कान फिरवते, मग चार पावले पुढे टाकते. मधेच काहीतरी खटकते आणि सगळी रांग धूळ उडवत मागे पळते आणि पुन्हा पहिल्यापासून सारे सुरू होते. एवढ्या तहानेतही घाई करण्याची त्यांना परवानगी नसते. जिराफ तर कितीतरी वेळ नुसता उभाच असतो. वाकून पिताना तो अगदी असहाय असतो, हे त्यालाही माहीत असावे. पुढचे दोन्ही पाय फाकवून, गुडघ्यांत वाकवून त्याची मान खाली जाते, दोन घोट घेतले जातात आणि मान झटक्याने वर येते. थेंबांची एक कमान हवेत उमटते आणि विरते.

वाळवंटी हरणांतला ओरिक्स मात्र या सर्वांहून निराळा. तलवारीसारखी सरळ शिंगे, चेहऱ्यावर काळेपांढरे पट्टे आणि भर दुपारच्या उन्हात सावलीची पर्वा न करता उभे राहण्याची ताकद. त्याच्या शरीराचे तापमान 40 अंशांच्या पुष्कळ वर गेले तरी तो ते चढू देतो, घाम गाळून पाणी वाया घालवत नाही. मेंदूकडे जाणारे तापलेले रक्त आधी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून जाते आणि नाकातल्या हवेने गार झालेले रक्त त्याच्या शेजारून वाहत असल्यामुळे त्यातली उष्णता काढून घेते. मुळे, कंद आणि रानटी कलिंगडे खाऊन तो पाण्यावाचून पुष्कळ दिवस काढू शकतो. असा हा प्राणी जेव्हा आपल्यासमोर पाणी पितो तेव्हा कोरडेपणा कुठवर पोहोचला आहे, ते कळते.

आणि मग हत्ती येतात. एतोशाचे हत्ती पांढरे दिसतात, कारण तिथली चुनखडीची धूळ त्यांच्या अंगावर बसलेली असते. दूरवरच्या मोपानीतून कळप बाहेर पडतो तेव्हा चाल संथ असते. पाण्याचा वास पुरेसा जवळ आला की चाल वाढते आणि शेवटच्या टप्प्यात तर पिलांसकट सगळे चक्क धावत सुटतात. त्यांच्यासाठी इतर सारे बाजूला होतात. हत्तिणी अगदी पाणी जिथून आत येते त्या तोंडाशी जाऊन पितात, कारण तिथले पाणी निवळ असते. पिलू सोंड पाण्यात बुचकळते, तोंडाकडे नेईपर्यंत अर्धे सांडते आणि शेवटी कंटाळून गुडघे टेकून थेट तोंडानेच पिऊ लागते. आमच्या गाडीपासून ते फार दूर नव्हते. त्याच्या सोंडेवरचे ओले केस आणि त्यांना चिकटलेला चिखल स्पष्ट दिसत होता आणि कॅमेरे मांडीवर तसेच राहिले होते.

संध्याकाळी पाखुर्डी पक्षी आले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्यांनी पाखुर्डी पाहिली आहे त्यांना तिचे ते मातीत मिसळून जाणे ठाऊक असेल. दुपट्टी पाखुर्डी अंधार पडताना पाण्यावर येते, दुसरी एक जात सकाळी येते. पण जे पाहण्यासाठी मी दुर्बीण लावून बसले होते ते नराचे वागणे. तो पाण्यात पोटापर्यंत उतरतो आणि अंग हलवत हलवत पोटाची पिसे भिजवतो. त्या पिसांच्या तंतूंची रचना अशी असते की ती पाणी शोषून धरून ठेवतात. मग तो उडत आपल्या घरट्याकडे जातो, काही वेळा 30 किलोमीटरपर्यंत दूर, आणि पिले त्याच्या पोटाच्या पिसांतून पाणी ओढून पितात. वाळवंटाच्या कडेवर पिले वाढवायची तर पाणी असे वाहून न्यावे लागते. ऑगस्टमध्ये घरटी असतात, म्हणून नर भिजताना दिसला. मला तर सिंह दिसल्याचा आनंद त्यापुढे फिका वाटला, आणि सिंह आम्हांला चांगले दिसले होते.

ओकाउकुएयो हा उद्यानातला सर्वांत जुना मुक्कामाचा तळ आहे. तिथे मुक्कामाच्या आवारालाच लागून पाणवठा आहे, मधे एक बुटकी दगडी भिंत, बाके आणि रात्रभर मंद पिवळे दिवे. महाराष्ट्रातल्या वनप्रेमींना बुद्धपौर्णिमेची रात्र माहीत असते. मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायचे, पुढे गणनेची पद्धत बदलली आणि मोजणी कॅमेरा ट्रॅपकडे गेली तरी वनविभागाने ‘निसर्गानुभव’ म्हणून ती रात्र चालू ठेवली. वैशाखातल्या त्या चांदण्याच्या रात्री आपण तहानलेल्या जंगलाचेच पाहुणे असतो. ओकाउकुएयोला ती रात्र रोज असते. सगळे बोलणे कुजबुजीत. काळा गेंडा अंधारातून बाहेर येतो तेव्हा आधी फक्त पायांखालच्या खड्यांचा आवाज येतो. जगात उरलेल्या काळ्या गेंड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या नामिबियात आहेत आणि शिंगासाठी होणारी त्यांची शिकार अजून थांबलेली नाही. एक मादी आणि तिचे अर्धवट वाढलेले पिलू पाण्याशी आले, पलीकडून हत्ती आला, मादीने फुत्कार टाकून दोन पावले पुढे घेतली आणि मग माघार घेतली. पिलू आईच्या मागच्या पायांना घासून उभे होते. हत्ती जाईपर्यंत ती दोघे दिव्यांच्या उजेडाच्या कडेवर थांबली आणि मगच प्यायली. रात्र चढत गेली, थंडी चांगलीच वाढली, पण कुणी उठेना.

त्या रात्री आमच्या शेजारी बसलेल्या एका स्थानिक गाईडशी बोलणे निघाले. पाणवठ्यांत येणारे सगळे पाणी निसर्गाचे नसते, हे त्यांनी सांगितले. काही झरे मूळचे आहेत, काही पाणवठे कूपनलिका खणून पंपाने भरले जातात, आता सौरपंपांनी. ताडोबा-मेळघाटातही उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे भरले जातात, त्यामुळे ऐकताना विशेष काही वाटले नाही. पण पाणी कुठे ठेवायचे हे माणसाने ठरवले की त्या जागेभोवती सगळे गणित बदलते. याचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत, क्रूगर राष्ट्रीय उद्यानात घडले आहे. तिथे 1930 च्या दशकापासून पुढच्या काही दशकांत 300 हून अधिक कूपनलिका खणल्या गेल्या, हेतू चांगलाच होता, दुष्काळात प्राणी मरू नयेत. उद्यानाच्या कोरड्या उत्तर भागात रोन नावाचे मोठे, दुर्मीळ हरीण उंच गवतात राहत असे. त्या भागात बारमाही पाणी झाले तसे झेब्रे तिकडे स्थिरावले, त्यांनी गवत खाऊन खुरटवले, त्यांच्या मागोमाग सिंह आले आणि लपायला गवत न उरलेल्या रोनच्या पिलांवर गदा आली. 1986 साली सुमारे 450 असलेली रोनची संख्या 1993 पर्यंत 45 च्या आसपास उरली. त्यानंतर तिथले पाणवठे बंद करायला सुरुवात झाली. पाणी देणे हे पुण्याचे काम मानणाऱ्या आपल्या संस्कारांना पाणवठा बंद करणे क्रूर वाटेल, मलाही ते ऐकताना अवघड गेले, पण रोनच्या बाजूने विचार केला तर तेच शहाणपणाचे होते. आपल्या जंगलांतही दर उन्हाळ्यात वाढत जाणारे पाणवठे पाहताना, त्यांचा लाभ कोणाला होतो आणि त्यामुळे कोणाची जागा जाते, हा हिशेब जाहीरपणे मांडला जावा असे मला मनापासून वाटते.

एतोशाच्या पाण्याशी आणखी एक वाईट इतिहास जोडलेला आहे. या झऱ्यांच्या काठी हाइओम या सान आदिवासी समाजाच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. 1907 साली जर्मन गव्हर्नर फॉन लिंडेक्विस्ट यांनी हे राखीव क्षेत्र जाहीर केले, तेव्हाही ते लोक तिथेच राहत होते. 1954 साली, दक्षिण आफ्रिकेची सत्ता असताना, त्यांना बाहेर काढण्यात आले. काही उद्यानाच्या नोकरीत राहिले, बाकीचे सभोवारच्या गोऱ्या मालकांच्या शेतांवर मजुरीला गेले. नकाशावरच्या पाणवठ्यांना अजून त्यांच्या भाषेतली कितीतरी नावे आहेत. पुढे 1970 च्या दशकात सगळ्या उद्यानाला कुंपण घातले गेले आणि पावसाबरोबर दूरवर हिंडणाऱ्या प्राण्यांच्याही वाटा संपल्या. त्यानंतर पाणवठा हा पर्याय राहिला नाही, तोच एक उरला.

एतोशाहून निघून ग्रूटफोंटेनमार्गे उत्तरेला जाताना मुरुरानी नावाचा नाका लागतो. इथून देशाला आडवी छेदणारी गुरांच्या रोगांची सीमारेषा जाते, तिला सगळे ‘रेड लाइन’ म्हणतात. 1896-97 च्या सुमारास गुरांच्या बुळकांडीची साथ थोपवण्यासाठी जर्मनांनी आखलेल्या रेषेचा हा वारसा आहे. नाक्याच्या दक्षिणेला तारेच्या कुंपणांतली मैलोन्‌मैल पसरलेली खासगी शेते. नाका ओलांडताच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेल्या झोपड्या, मुले, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाया आणि रस्त्यावर निवांत उभी असलेली गुरे. उत्तरेकडच्या शेतकऱ्याला आपले मांस मोकळेपणी दक्षिणेच्या बाजारात विकता येत नाही. लाळ्या-खुरकुताचा विषाणू रानम्हशींत राहतो, तो निर्यातीच्या गुरांपर्यंत पोहोचू नये म्हणून ही तार आहे. पण तारेच्या चुकीच्या बाजूला जन्मलेल्या माणसाला तिचा राग यावा, यात नवल नाही.

पूर्वेला पुढे ओकावांगो नदी ओलांडली की बोत्स्वानाच्या वर चिंचोळ्या पट्टीसारखा पसरलेला प्रदेश लागतो. त्यात ब्वाब्वाटा राष्ट्रीय उद्यान आहे, 2007 साली घोषित झालेले, आणि तिथली माणसे उद्यानाच्या आतच राहतात. महामार्गावर हत्तींच्या पाट्या आहेत आणि हत्ती खरोखरच रस्ता ओलांडतात. एका गावात मक्याच्या शेताभोवती मिरची आणि शेण एकत्र करून जाळण्याची तयारी पाहिली. त्या धुराने हत्ती मागे फिरतात. दोडामार्ग तालुक्यात गेली वीसहून अधिक वर्षे हत्तींनी नारळी-केळीच्या बागा तुडवल्या आहेत, तिथल्या बागायतदाराला त्या शेतकऱ्याशी बोलायला दुभाष्याची गरज पडली नसती. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी 2011 साली करार करून सुमारे 5,20,000 चौरस किलोमीटरांचे सामाईक संवर्धनक्षेत्र मानले आहे. 2022 सालच्या हवाई गणनेत त्यात सुमारे 2,28,000 हत्ती आढळले, आणि त्यांतले जवळजवळ 1,32,000 बोत्स्वानात. त्या देशाची लोकसंख्या चोवीस लाखांच्या आसपास आहे. इतक्या हत्तींबरोबर जगण्याची किंमत तिथला गरीब शेतकरी देतो, आणि दुरून येऊन हत्ती बघून सुखावणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती गोष्ट नजरेआड करू नये.

बोत्स्वानात आलो आणि पाण्याची गोष्ट उलटी झाली. इथे पाणी शोधावे लागत नव्हते. ऐन कोरड्या ऋतूत पूर आलेला होता.

ओकावांगो नदी अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते. तिथे नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान पाऊस पडतो, पाणी कुबांगो आणि क्विटो या दोन नद्यांतून खाली उतरते आणि एप्रिलच्या सुमारास बोत्स्वानाच्या वरच्या टोकाला मोहेंबोपाशी पुराचा कळस होतो. पुढे नदी समुद्राकडे न जाता कालाहारीच्या वाळूत पसरते. 250 किलोमीटरांत भूमीचा उतार फक्त 60 मीटरांच्या आसपास, वर पपायरस या उंच पाणगवताची दाटी, म्हणून पाणी वारीच्या पालखीसारखे मुक्काम करत करत येते आणि मऊन गावापाशी पोहोचायला जून-जुलै उजाडतो. त्या वेळी त्या भागात महिनोन्‌महिने पाऊस पडलेला नसतो. अशा कोरड्या भुईवर शेकडो किलोमीटरांवरचा गेल्या हंगामातला पाऊस हजर होतो आणि दलदल पसरून बारमाही क्षेत्राच्या कितीतरी पट मोठी होते. मऊनमध्ये पाणी कुठवर आले, याची चौकशी बाजारात, पेट्रोल पंपावर, पुलावर चाललेली असते. नदीच्या कोरड्या पात्रातून पाण्याची जीभ हळूहळू पुढे सरकते, पुढे फेस आणि वाळलेले गवत ढकलत. भोकांतून किडे बाहेर पळतात आणि पक्षी त्यांना टिपत पाण्याच्या पुढे पुढे चालतात. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हे वर्णन करून सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

दलदलीत जायचे ते मोकोरोने. पूर्वी ती सॉसेज ट्री किंवा तत्सम मोठ्या झाडाचे खोड कोरून केलेली होडी असे, आता झाडे वाचावीत म्हणून बहुतेक होड्या फायबरच्या असतात. होडीवाला मागच्या टोकाला उभा राहतो आणि लांब काठीने तळ ढकलत पुढे नेतो. पाण्याच्या पातळीपासून बसलेल्या माणसाचे डोळे जेमतेम हातभर उंच असतात, त्यामुळे या प्रवासात मोठे प्राणी दूर जातात आणि लहान प्राणी मोठे होतात. लव्हाळ्याच्या काडीवर नखाएवढा पांढरट बेडूक चिकटलेला होता, त्याच्या पायांची बोटे टोकांना फुगीर आणि लालसर. होडीवाल्याने काठी थांबवून तो दाखवला नसता तर दिसलाच नसता. कमळांच्या पानांवरून कमळपक्षी चालत होता. या पक्ष्यांत अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे नराकडे असते आणि धोका दिसला की तो पिलांना पंखांखाली उचलून चालू लागतो. पंखांखालून लोंबणारे पिलांचे लांब पाय तेवढे बाहेर दिसतात. पाणी इतके नितळ होते की तळाची पांढरी वाळू दिसत होती. होडीवाला ओंजळीने पाणी प्यायला. पाणघोड्यांच्या वाटा त्याने दुरून ओळखून टाळल्या. त्याच वाटा दलदलीच्या प्रवाहांना मोकळे ठेवतात, नाहीतर पपायरस आणि वाळू त्यांना बुजवून टाकतील.

दुपारी एका बेटावर उतरलो. या दलदलीतली पुष्कळशी बेटे वारुळांपासून सुरू झालेली आहेत. वाळवीने उभारलेला उंचवटा पुरात कोरडा राहतो, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडे उगवतात आणि बेट वाढू लागते. काठाकाठाने अंजीर, आबनूसाच्या कुळातली झाडे, ताडाची झाडे, दाट हिरवी सावली. बेटाच्या मध्यावर मात्र चालत गेलो आणि अचानक झाडे संपली. समोर राखाडी, उघडी माती, वर पांढरा पापुद्रा, बोटाला खारट. काठची झाडे मुळांनी पाणी ओढतात आणि क्षार मात्र मागे राहतात, ते बेटाच्या पोटात साठत जातात. ओकावांगोतून जवळजवळ सगळे पाणी वाफेने आणि झाडांवाटे हवेत जाते, जेमतेम दोन टक्के बाहेर वाहते. इतके बाष्पीभवन होऊनही दलदल खारट होत नाही, कारण मीठ बेटांच्या मध्यभागी पुरले जाते. एतोशाचा तो पांढरा तळ आणि ही गोड्या पाण्याची दलदल यांच्यात हजारो बेटांचे आणि लक्षावधी झाडांचे हे काम आहे. मला तरी या प्रवासात याहून थोर काही दिसले नाही.

ओकावांगोला 2014 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या यादीतले हजारावे स्थळ म्हणून. त्याच्या पूर्व भागातले मोरेमी राखीव क्षेत्र मात्र फार आधीचे, 1963 सालचे. बेसुमार शिकारीने प्राणी संपत चालले म्हणून बाटावाना समाजाने, त्यांच्या प्रमुखाच्या पश्चात कारभार पाहणाऱ्या श्रीमती मोरेमी यांच्या पुढाकाराने, आपल्याच भूमीवर हे राखीव क्षेत्र केले. परदेशी सत्तेच्या फर्मानाने नव्हे, तर जमीन ज्यांची त्यांनीच ठरवून. तरीही खवाई नदीकाठच्या बुगाख्वे लोकांना त्यासाठी जागा सोडावी लागली, हे सांगितल्याशिवाय ती कहाणी पूर्ण होत नाही.

हे पाणी टिकेल का, याचे उत्तर अंगोलात आहे. तिथले यादवी युद्ध 2002 साली संपले. युद्धाने माणसांचे अतोनात हाल केले, उगमाच्या प्रदेशात भूसुरुंग पेरून ठेवले, आणि त्याच कारणाने वरच्या नद्यांवर मोठी धरणे व पाटबंधारे झाले नाहीत. आता तिथल्या लोकांना शेती हवी, वीज हवी, त्यांचा तो हक्कच आहे. नामिबियालाही कोरड्या विंडहूकसाठी या नदीचे पाणी उचलण्याचा विचार अधूनमधून करावा लागतो. तिन्ही देशांनी 1994 साली नदीसाठी एक कायम आयोग नेमला, ही त्यातल्या त्यात आशेची बाब. कृष्णेच्या आणि गोदावरीच्या पाण्यावरून एका देशातल्या राज्यांत काय चालते ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो आहोत, त्यामुळे तीन देशांनी पाण्यासाठी एका टेबलाभोवती बसण्याचे मोल आपल्याला विशेष कळावे.

मऊनमधल्या शेवटच्या मुक्कामात झेब्रांची हकिगत नीट ऐकायला मिळाली. पाऊस सुरू झाला की ओकावांगोतले काही झेब्रे आग्नेयेला मकगडिकगडीच्या खारट मैदानांकडे जातात, जाऊन येऊन सुमारे 588 किलोमीटर. 1968 साली गुरांच्या रोगांसाठी घातलेले कुंपण त्या वाटेत आडवे आले आणि वाट बंद पडली. याच देशातल्या दुसऱ्या एका कुंपणाशी 1980 च्या दशकातल्या दुष्काळात हजारो वाइल्डबीस्ट तहानेने मेले होते. 2004 साली झेब्रांच्या वाटेतले कुंपण काढले गेले आणि पुढच्या काही वर्षांत कॉलर लावलेले झेब्रे त्याच दिशेने चालत जाताना संशोधकांना आढळले. कुंपण 36 वर्षे उभे होते. रानातला झेब्रा इतकी वर्षे जगत नाही, म्हणजे ती वाट पाहिलेला एकही झेब्रा त्या कळपांत नव्हता. मग त्यांना कोणी सांगितले? पहिल्या पावसानंतर दूरवर उगवलेल्या गवताचा अंदाज घेत घेत ते पुढे गेले असावेत, असे संशोधकांचे मत आहे.

आमच्या परतीच्या वेळी झेब्रे अजून दलदलीच्या काठी, पाण्याला बांधलेले होते. ते नोव्हेंबर-डिसेंबरात निघतील. त्या काळात जाण्याचे आम्ही ठरवले आहे. माहितीपत्रकांच्या हिशेबाने तो हंगाम नव्हे. गवत उंच वाढलेले असते, मातीचे रस्ते चिखलाने अडतात, मुक्कामाचे दर उतरतात आणि जागोजागी पाणी असल्यामुळे प्राणी चहूकडे पांगलेले असतात. पाणवठ्यावर तासन्‌तास बसूनही कदाचित कुणी येणार नाही. मऊनच्या एका गाईडने मकगडिकगडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दोन जागा नकाशावर खुणा करून दिल्या आहेत. झेब्रे तिथून गेलेच तर एका रात्रीत पुढे निघून जातात, हेही त्याने आधीच सांगून ठेवले आहे.